गोळी घेतली, एक वाजता

२ सप्टेंबर, सोमवार

गोळी घेतली, एक वाजता.

रुग्णालयाने एक छापील तक्ता दिलाय, तो फ्रिजवर चिकटवला. तारीख, गोळी, जेवण, असे तीन रकाने. त्यात नखाएवढी जागा. मला त्या जागेत मावता येत नाही, म्हणून ही वही आणली. शाळा सहावीत सुटली, त्यानंतर दुरुस्तीची पावती सोडून मी काही लिहिलेलं नाही. पण दुपारी घरात आम्ही दोघंच असतो, आणि जिची काळजी तिलाच काळजी कशी सांगायची?

ती म्हणजे माझी नात, सतरा वर्षांची. जन्मली तेव्हा इतकी लहान होती की मी तिला गुंज म्हणायला लागलो. पूर्वी सोनाराच्या तराजूत सगळ्यांत लहान वजन गुंजेचं असायचं. माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा, मला दुसरं काय सुचणार! घरात सगळे तेच म्हणायला लागले. आता वाटतं, दुसरं काही तरी म्हणायला हवं होतं.

गेल्या वर्षापासून तिने जेवण तोडलंय. आधी गोड सोडलं, मग तेल, मग भात. आता काय सोडायचं राहिलंय ते मोजणं सोपं. आरशात तिला ती जाड दिसते. मी म्हटलं आरसा बदलू. लेक माझ्याकडे अशी बघायला लागली की मी गप्प बसलो. आजाराचं नाव अॅनोरेक्सिया. लेकीकडून लिहून घेतलं, मला म्हणता येत नाही.

लेक बस डेपोत तिकीट खिडकीवर असते. सकाळी सातला जाते, चारला येते. जावई वेगळे राहतात, फोन करतात. त्यामुळे दुपारचं जेवण आणि एकची गोळी माझ्याकडे आली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, मुख्य औषध जेवण. गोळी त्याच्या मागून चालणार." मी मान डोलावली. डॉक्टर असं म्हणतातच. माझ्या ब्लडप्रेशरच्या वेळीही आधी चाला, मीठ कमी करा, सगळं झालं. गुण शेवटी गोळीनेच आला.

४ सप्टेंबर, बुधवार

गोळी घेतली, एक वाजून पाच. पाच मिनिटं माझी चूक, चष्मा सापडत नव्हता.

ताटासमोर सव्वा तास बसली. भात, डाळ, एक उकडलेलं अंडं. अंड्याचे तिने बत्तीस तुकडे केले. मी मोजले. त्यातला एकही तोंडात गेला नाही. मी रागावलो, मग हात जोडले, मग पुन्हा रागावलो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात तुकडे करत होता. शेवटी ताट मी उचललं.

तक्त्यात जेवणापुढे काय लिहू? चौकट कोरी ठेवली. लेक आली, तिने कोरी चौकट बघितली आणि चप्पल न काढता खाली बसली.

७ सप्टेंबर, शनिवार

गोळी घेतली, बरोबर एक वाजता.

आज आमच्यात एक ठराव झाला. लिहून ठेवतो, पण ही वही कपाटात जुन्या शर्टांखाली राहील.

गुंज म्हणाली, "आजोबा, गोळी मी रोज घेईन. तुमच्यासमोर घेईन, जीभ वर करून दाखवीन. पण ताटावरून रोज भांडायचं नाही."

मी म्हटलं, "आणि तुझ्या आईला काय सांगू?"

"काही सांगू नका. ताट रिकामं दिसलं की झालं."

मी जरा विचार केला. कशाने बरं होणार? औषधाने. औषध पोटात जातंय ना? भूक मेलीय ती औषधाने जिवंत होईल, मग भांडायची वेळच येणार नाही. चार-सहा आठवडे लागतात असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या. तेवढे दिवस रोजची रडारड करून पोरीचा जीव कशाला खायचा? मी विचारलं, "गोळीला नाही म्हणत नाहीस ती कशी?"

"गोळीत काही नसतं ना," ती म्हणाली.

काय बोलणं! गोळीत तर सगळं असतं. पण लहान आहे अजून.

ताट मी जेवलो. टाकवत नाही. तक्त्यात लिहिलं, "जेवण: ताट रिकामं." हे खोटं नाही. ताट रिकामं झालं. कोणी केलं ते तक्त्यात विचारलेलं नाही. रात्री आईसमोर दोन घास चिवडून ती म्हणाली, दुपारी पोटभर झालंय.

१२ सप्टेंबर, गुरुवार

दर गुरुवारी रुग्णालयात वजन करतात. त्यांचा काटा मी लांबूनच ओळखला, चांगल्या घडणीचा आहे, पण डावीकडे टेकलेला. परिचारिकेला म्हटलं, "ताई, पायाखाली कागदाची घडी घाला, नाहीतर थोडं कमी दाखवेल." ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही बाहेर बसा." बसलो.

वजन तेवढंच. डॉक्टरीणबाईंनी तक्ता बघितला, "जेवण चांगलं चाललंय," म्हणाल्या. लेकीचा हात लगेच माझ्या गुडघ्यावर आला. फार दिवसांनी आला. मला इतकं बरं वाटलं की पुढचं बोलणं मी ऐकलंच नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

गोळी घेतली, एक वाजता. जीभ वर करून दाखवली. हे नियमित चाललंय. तरी गुण कुठे?

डोक्याला भुंगा लागलाय. औषध खरं आहे ना? हल्ली कशात काय मिसळतील सांगता येत नाही. औषधवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "आजोबा, तुमच्या वयाच्या माणसाने संशय घेऊ नये, पचत नाही." मेला.

शेवटी दहा गोळ्या दुकानात नेल्या आणि सोनाराच्या तराजूत एकेक तोलली. काचेच्या पेटीतला तराजू तो, श्वास लागला तरी हलतो. दहाही गोळ्या सारख्या निघाल्या. इतक्या सारख्या की मला आदर वाटला. म्हणजे गोळी खोटी नाही.

माझ्या दुकानाला लागून कुलूपवाल्याचं दुकान आहे. चाळीस वर्षांचा शेजार. तो डोकावून म्हणाला, "काटेशेठ, आता गोळ्यांची सराफी सुरू केलीस काय?" मग माझ्या पोटाकडे बघून, "औषध नातीला आणि अंगी लागतंय तुझ्या!"

मी हसलो. पण खरंच पट्टा एक भोक पुढे गेलाय.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज लेकीला सुट्टी, गोळी तिने दिली. पण आज फार चांगला दिवस गेला. गुंज माझ्याबरोबर दुकानात आली! आपण होऊन म्हणाली, "येऊ का आजोबा?"

लहानपणी ती दुकानातच वाढली. माझ्याकडे तपासणीच्या पितळी वजनांची लाकडी पेटी आहे, मखमलीच्या खाचांत एकेक बसवलेलं. दुसऱ्याच्या काट्यात खोट आहे की नाही, ते या वजनांवरून ठरतं. त्यांना मी नुसत्या हाताने धरत नाही, घामाने झिजतात. तिला मात्र खेळायला द्यायचो. आणि आमचा एक खेळ असायचा. ती काहीही आणून माझ्या तळहातावर ठेवायची, दगड, पेरू, चप्पल. मी डोळे मिटून वजन सांगायचो, मग ती काट्यावर पडताळायची. पाच-दहा ग्रॅमच्या वर मी कधी चुकलो नाही. वाढदिवसाला तिलाच उचलून सांगायचो.

आज तिने पेटी मांडीवर घेतली. एकेक वजन काढून बघत बसली. मला विचारलं, "अर्ध्या किलोचं एवढंसंच असतं?"

"पितळ जड ग बाई. लोखंडाचं असतं तर मोठं दिसलं असतं."

इतक्या महिन्यांत तिने कशात रस घेतला नव्हता. मी किती बोललो! घडणीबद्दल, शिक्क्याबद्दल. एकदा एका वाण्याने काटा थोडा खोटा करून मागितला होता, तेव्हा मी त्याला दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवलं होतं, तेही सांगितलं. ती ऐकत होती. कुलूपवाला किल्ल्या वाजवत आला. "काय ग गुंजे, वारस झालीस काय म्हाताऱ्याची?" ती हसली. मी स्वतः बघितलं, हसली.

औषध लागू पडतंय.

२६ सप्टेंबर, गुरुवार

वजन वाढलं! किलोभर.

काटा खोटं बोलत नाही. बाहेर बाकावर मी आणि लेक एकमेकांचे हात धरून लहान मुलांसारखे बसलो होतो. गुंज जरा अवघडून चालत होती, मी म्हटलं, काय झालं, तर म्हणाली पाठीत भरलंय. असणारच. नव्याने मांस चढायचं म्हणजे दुखणारच.

डॉक्टरीणबाई मात्र खूश दिसल्या नाहीत. "वजन वर, जेवण पूर्ण, गोळी नियमित. मग मन का उठत नाही हिचं? भीती तेवढीच आहे, झोप तेवढीच वाईट." त्यांनी गोळी वाढवली. मी मनात म्हटलं, वाढवा. जास्त औषध म्हणजे जास्त गुण.

३० सप्टेंबर, सोमवार

मोठी गोळी घेतली, एक वाजता.

आज दुकानात माझं डोकं फिरायचं बाकी राहिलं. पेटीतल्या अर्ध्या किलोच्या दोन्ही खाचा रिकाम्या! टेबलाखाली, कपाटामागे, गिऱ्हाइकांच्या काट्यांत, सगळीकडे शोधलं. चाळीस वर्षांत त्या पेटीतलं एक वजन हरवलेलं नाही.

कुलूपवाल्याला विचारलं. त्याला आला राग. "तुझी वजनं घेऊन मी काय करू, कुलपात घालू? स्वतःच्या विसरभोळेपणाला कुलूप लाव आधी!"

मीही बोललो. नको ते बोललो. आता घरी येऊन वाटतं, मीच कुठेतरी ठेवली असतील. परवा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. म्हातारपण आलं म्हणायचं. लेकीला सांगितलं नाही, तिला आधीच एक काळजी आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

वजन तेवढंच टिकलं. तक्त्यावर डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ बोट ठेवलं होतं. "आजोबा, हे सगळं ती खाते ना?"

लेक म्हणाली, "बाबा समोर बसून असतात हो."

मी म्हटलं, "ताट रिकामं होतं."

त्यांनी आणखी एक गोळी दिली, संध्याकाळची.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दोन्ही गोळ्या चालू आहेत. गुंजचे हात थरथरतात. उठताना भिंत धरते. झोप नाही, आणि दिवसा मान कलते. औषधाचा कागद मी भिंग घेऊन वाचला. थरथर, चक्कर, मळमळ, सगळं लिहिलेलं आहे त्यात. म्हणजे गोळी पोचतेय. जे व्हायला नको ते सगळं होतंय आणि जे व्हायला हवं तेवढंच होत नाही, हे कसं?

दुपारी ताट पुढे ठेवलं तेव्हा मी सहज म्हटलं, "दोन घास तरी घे, माझ्यासाठी."

ती म्हणाली, "आजोबा, आपलं ठरलंय."

खरंच ठरलंय. मी जेवलो. घाईघाईने, मोठे घास घेत. तिने मला पाण्याचा पेला भरून दिला. "सावकाश जेवा," म्हणाली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

गोळी घेतली, एक वाजता. संध्याकाळचीही घेतली.

तिचा हात धरून तिला पलंगावर निजवलं. हात हातात आला तेव्हा माझं काहीतरी चुकतंय असं वाटलं. मला वजन कळतं. वाढलेला हात असा लागत नाही. मग स्वतःला समजावलं, काट्यापुढे हाताचं काय चालणार? दोन वजनं कुठे ठेवली ते आठवत नाही, त्या माणसाने आपल्या हातावर विश्वास ठेवू नये.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

वही घरी आहे, पावतीच्या पाठीवर लिहितोय, नंतर वहीत उतरवीन. रुग्णालयाच्या बाकावर बसलोय. सकाळचे अकरा वाजलेत. लेक आत आहे.

आज वजनाला नवी परिचारिका होती. कडक. गुंजला म्हणाली, "सगळे कपडे काढायचे, रुग्णालयाचा झगा घालायचा." गुंज म्हणाली, नेहमी कपड्यांवरच करतात. परिचारिका म्हणाली, "नेहमीचं नेहमीकडे. पडद्यामागे जा." मी दाराबाहेर उभा होतो.

मग आवाज आला. एक, आणि लगेच दुसरा.

फरशीवर पितळ पडल्याचा आवाज मी झोपेतही ओळखीन. दुकानात चाळीस वर्षांत तो तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा जीव गोळा झाला होता. आतून कोणी तरी "अगं!" म्हणून ओरडलं. मग तिसरा आवाज. तो पितळेचा नव्हता. तो जवळजवळ ऐकूच आला नाही.

तीच पडली होती.

हृदय फार हळू चाललंय म्हणतात. वरच्या मजल्यावर नेलंय. परिचारिकेने एका ट्रेमध्ये माझी दोन्ही वजनं आणून दिली. "ही तुमची का? कापडी पट्टीत शिवून कमरेला बांधली होती." पट्टी आमच्या जुन्या उशीच्या अभ्र्याची आहे. टाके किती बारीक घातलेत! हे शिवण तिच्या आजीने तिला शिकवलं होतं.

एका वजनाची कड ठेचून टवका उडालाय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

काल लेकीला सांगितलं. सगळं. जिन्याखाली, यंत्रातून चहा घेतात तिथे.

वजनांचं तिला कळलंच होतं. त्याबद्दल ती मला बोललीही नाही, "पोरीनेच घेतली, तुम्ही काय करणार," म्हणाली. तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर ती मला अजून बाबा म्हणत असती. पण माझ्याच्याने राहवलं नाही. मी ठरावाचं सांगितलं.

तिला आधी समजेना. "म्हणजे ताट कचऱ्यात टाकायची ती?"

"नाही."

"मग?"

मी खाली बघितलं. तिची नजर माझ्या पोटावर आली आणि तिथेच राहिली.

"तिचं जेवण तुम्ही जेवलात?"

मी म्हटलं, "गोळी मी एकही चुकवली नाही. एकही नाही."

तिने चहाचा पेला तसाच कठड्यावर ठेवला आणि जिना चढून गेली. मी पाठीमागून हाक मारली नाही. काय म्हणून मारू?

२१ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. रागावतील म्हणून मी दारातच उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "बसा." माझ्या बोलण्याचं त्यांना लेकीने सांगितलं होतं.

मी एकच विचारलं, "गोळ्यांत खोट नव्हती ना? मी तोलून बघितल्या होत्या."

"तोलून?"

"सोनाराच्या तराजूत. गुंजभर फरक नव्हता."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गोळी चांगली होती, आजोबा. पोचतही होती. तिथे तिच्यासाठी काही नव्हतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. समजलं तसं लिहितो. मन थाऱ्यावर ठेवायला मेंदूत एक द्रव्य लागतं. ते मेंदू स्वतःच तयार करतो, पण कच्चा माल जेवणातून येतो. दूध, अंडं, डाळ. गोळी ते द्रव्य तयार करत नाही. तयार झालेलं लगेच निघून जाऊ नये म्हणून ती दार धरून उभी राहते, एवढंच. "आता घर रिकामंच असेल, तर दार धरून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. उपाशी अंगात औषधाचा त्रास मात्र पुरा होतो, तो काही कमी होत नाही. आणि बाकीची कारणं कोणालाच नीट ठाऊक नाहीत. पोट भरलेलं असतानाही या आजारावर गोळ्या म्हणाव्या तशा चालत नाहीत. "म्हणून तर मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं, आठवतं?"

मला आठवत नव्हतं. घरी येऊन वही काढली. पहिल्याच पानावर आहे. माझ्याच अक्षरात. "मुख्य औषध जेवण. गोळी त्याच्या मागून चालणार." त्याच्या खाली माझं शहाणपणही आहे.

म्हणजे मी एकेक दिवस औषध देत होतो आणि एकेक दिवस औषध जेवत होतो.

एकेक अंडं आठवतंय.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

नाकातून नळी घातलीय. मला आत जाऊ देत नाहीत. रुग्णालयाचा नियम नाही, लेकीचा आहे. बरोबर आहे तिचं.

दुकान उघडलं. पेटीत ती दोन वजनं ठेवली. सोनाराच्या तराजूत मावणारी नाहीत, म्हणून मोठ्या काट्यावर घेतली. ठेचलेलं वजन कमी भरतंय. फार थोडं, पण आता त्यावर कोणाचा काटा तपासता येणार नाही.

कुलूपवाला आला. त्या दिवसाच्या भांडणानंतर पहिल्यांदा. त्याला सगळं कळलं होतं. माझ्या शेजारी स्टुलावर बसला, खिशातून एक जुनं कुलूप काढून उघडत-लावत राहिला. थट्टा केली नाही. ते मला फार जड गेलं. मी म्हटलं, "बोल रे काहीतरी. शिव्या दे." तो म्हणाला, "तू जेवलास का?" विचारलं आणि स्वतःच जीभ चावली.

दोन दिवस मला जेवण जात नाही. ताट समोर आलं की ते तिचं वाटतं.

२ नोव्हेंबर, शनिवार

लेक आज माझ्याशी बोलली. पाठमोरी उभी होती, पातेलं घासत होती.

"ती विचारत होती तुमच्याबद्दल."

मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मी तिला म्हटलं, तुझ्या आजोबांनी तुझं जेवण खाल्लं. तर म्हणाली, मीच खायला लावलं. त्यांना रागावू नकोस. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं, बाकी कोणी माझं ऐकत नाही." पातेलं आपटलं तिने. "मी रागावले ना, बाबा, ते तुमच्यावर नाही. म्हणजे तुमच्यावरही आहे. पण मी खिडकीमागे बसून दिवसाला हजार माणसांना सुटे मोजून देते आणि मला माझ्या पोरीच्या अंगावरचं किलोभर पितळ दिसलं नाही."

मग पुष्कळ वेळ नळ वाहत राहिला. मी उठून बंद केला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

नळी काढली. आता तोंडाने खायला देऊन बघतात. आणि आज मला दुपारच्या जेवणाला तिच्याजवळ बसायला दिलं. अर्धा तास.

परिचारिकेने आधी नियम सांगितले. आग्रह करायचा नाही. रागवायचं नाही. वजनाचं नावही काढायचं नाही. ताटातलं काही उचलायचं नाही. हे म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, तेवढी दया केली.

गुंज उशीला टेकून बसली होती. हातावर बारीक लव आलीय, उपाशी अंगावर येते म्हणे. मला बघून म्हणाली, "आजोबा, बारीक झालात तुम्ही."

"ते बरं दिसतं ग तुला," मी म्हटलं. ती जराशी हसली.

पुढ्यात बटाटा घातलेलं सूप होतं, पाव, एक अंडं. तिने चमचा उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. खाली आवारात एक माणूस चादरी वाळत घालत होता. सात चादरी झाल्या.

"वजनं सापडली ना तुमची?" तिने विचारलं.

"सापडली."

"खराब झाली का?"

"नाही." हे मी खोटं बोललो. इतक्या वर्षांत वजनाबद्दल पहिल्यांदाच.

तिने चमचा बाजूला सरकवला. मग हात पुढे केला. तळहात वर करून नाही, पालथा, माझ्या तळहातावर ठेवला. लहानपणी पेरू ठेवायची तसा.

"डोळे मिटा," म्हणाली. "किती झालं असेल? मला इथे कोणी सांगत नाही. पाठमोरी उभी करतात काट्यावर. तुम्ही सांगा. तुम्हाला कळतं."

मी डोळे मिटले. हात माझ्या हातावर होता. मनगटाचं हाड, त्यावर सुई टोचल्याच्या खुणा, बोटं गार. मला कळलं. ज्याला मांस चढायला लागलंय त्या हाताचं कळतं आणि ज्याला अजून नाही त्याचंही कळतं.

"नाही कळत बाई," मी म्हटलं. "म्हातारा झालो. हात गेला माझा."

"खरंच?"

"खरंच."

डोळे उघडले तर ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मी खोटं बोलतोय हे तिला कळलं असावं. ती त्याच दुकानात वाढलीय. पण हात तिने काढून घेतला नाही. डाव्या हाताने चमचा उचलला. सूप गार झालं होतं. एक घेतलं. बऱ्याच वेळाने दुसरं. चौथ्या चमच्याला तिचे डोळे भरले आणि तिने चमचा ठेवून दिला. अंड्याला हात लावला नाही.

अर्धा तास संपला. परिचारिका गोळी घेऊन आली. गोळी कमी केलीय आता. गुंजने ती घेतली आणि सवयीने जीभ वर करून मला दाखवली. मी बघितली नाही. मी वाटीत राहिलेल्या सुपाकडे बघत होतो.

बाहेर लेक बाकावर बसली होती. विचारलं, "किती?"

"चार चमचे," मी म्हटलं.

तिने मान हलवली. तिने आणलेल्या डब्यात माझं जेवण होतं. झाकण उघडून तिने डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि मी पहिला घास घेईपर्यंत समोरून हलली नाही.

वजन मला कळलं होतं. ते इथे लिहीत नाही.